गरम करून दिलेली गाडी

गाडी गरम होती. म्हणजे हीटर चांगला होता.

सर्व्हिस सेंटरमधून दुरुस्त होऊन निघणारी प्रत्येक गाडी मेकॅनिक आधी भिंतीवरच्या चार्जरला लावायची, आतला पंखा सुरू करायची आणि गाडी नीट ऊबदार झाल्यावरच मालकाच्या हातात किल्ली ठेवायची. बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी. मालक काउंटरवर तणतणत आलेला. तो दार उघडायचा, आत बसायचा आणि कानांपर्यंत गेलेले त्याचे खांदे हळूहळू खाली यायचे. राहिलेलं भांडण तो बरोबर घेऊन जायला विसरायचा. ही पद्धत मेकॅनिकने स्वतःहून सुरू केली होती. पुढे मॅनेजरने ती सगळ्या कामगारांना लावून दिली. मॅनेजरचं टोपणनावच 'ओके' पडलं होतं, कारण तो स्वतः सहसा दुसरं काही म्हणत नसे.

मेकॅनिकच्या नणंदेची गाडीही अशीच गरम होऊन गेली. हीटर चांगला होता.

*

सूचना. वरील मजकुरात दोष आढळल्यामुळे तो परत मागवण्यात येत आहे. दुरुस्त मजकूर यथावकाश देण्यात येईल. तोवर वाचकांनी तो जपून वापरावा, विशेषतः उतारावर.

*

आधी उबेचं सांगायला हवं.

पेट्रोलच्या गाडीत ऊब उष्टी असायची. इंजिन पळताना तापायचं, तो ताप खरं तर कुणालाच नको असायचा. त्यातला थोडा आत वळवला की पाय शेकले जायचे. कुणी त्याचं कौतुक केलं नाही. विजेची गाडी इतकी काटकसरी की ती जवळजवळ काहीच वाया घालवत नाही, त्यामुळे तिच्याजवळ उष्टं असं काही उरतच नाही. ऊब हवी असेल तर ती वेगळी, ताजी करावी लागते. त्यासाठी पुढच्या बॉनेटखाली विटेएवढी एक पेटी असते. पेटीतून पाणी फिरतं, तापतं, आणि त्या पाण्यावरून आलेला वारा माणसांच्या अंगावर जातो.

मेकॅनिकने अशी पेटी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा ती कितीतरी वेळ खाली ठेवली नव्हती. बाहेर पाण्याचा दगड होतोय, आणि ही एवढीशी वीट असल्यामुळे आत माणूस स्वेटर काढून बसतो. रोज पाहूनही तिला त्याची सवय झाली नाही. तिचा नवरा म्हणायचा, "तू माझ्याकडे कधी अशी बघितली नाहीस." ती म्हणायची, "तू कधी पाणी तापवलंयस?"

गेल्या हिवाळ्यात या गाड्यांच्या पेट्या भर थंडीत बंद पडायला लागल्या. मग कंपनीने रिकॉल काढला. विकलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या, जुन्या पेट्या काढल्या, नव्या बसवल्या. नवी पेटी जुनीपेक्षा शहाणी होती. तिच्यात तापमान मोजणारा सेन्सर होता, आणि काही विचित्र वाटलं तर ती जळायच्या आधी स्वतःला बंद करून घ्यायची.

शहाणी माणसंही तसंच करतात. असो.

*

नणंद सुईण होती. डोंगरातल्या आरोग्य केंद्राची गाडी तिच्याकडे असायची आणि वरच्या वस्त्यांमधली बहुतेक पोरं त्या गाडीच्या उजेडात किंवा निदान तिच्या हॉर्नच्या आवाजात जन्माला आली होती. रिकॉलनंतर गाडी न्यायला आली तेव्हा ती आत बसली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"वहिनी, हीटर बसवलास की इनक्युबेटर?"

"उतर आता. की इथेच बाळंत व्हायचा विचार आहे?"

"कोण उतरतंय! दादाला सांग, जेवण इथेच पाठव."

"जेवण तूच ये करायला. गेल्या वेळी पातेलं करपवून गेलीस."

"ते तुझं पातेलं होतं, माझा काय दोष? रिकॉल काढ त्याचा."

दोघींचं हे असंच चालायचं. एरवी मेकॅनिक तिला अगं-तुगं करायची. पण चिडली किंवा घाबरली की एकदम जुन्या रीतीने 'वन्सं' म्हणायची आणि 'तुम्ही'वर जायची. सुईणीला हे ठाऊक होतं. तिने 'वन्सं' आजवर मोजक्याच वेळा ऐकलं होतं.

*

त्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये मेकॅनिकचा फोन वाजला.

"वहिनी, तुझा हीटर रुसला."

"काय झालं?"

"निघताना कोमट फुंकर मारली. मग नुसता गार वारा. स्क्रीनवर पिवळं चिन्ह आलंय, पंख्यावर फुली मारलेली."

"असं होणार नाही. मी गरम करून दिली होती."

"बरं. मग तू येऊन त्याला सांग."

मेकॅनिक हसली. सुईण हसली नाही, हे लक्षात येऊन तीही थांबली.

"गाडीत कोण आहे?"

"बाळंतीण. तिचा नवरा. आणि एक जण जी इतक्यात यायचीच नव्हती."

रस्ता जिथे संपतो तिथल्या शेवटच्या घरात आदल्या दिवशी एक मुलगी जन्मली होती. वेळेच्या बरीच आधी. दूध ओढायची आणि दोन घोटांत दमायची. खालच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरने सांगितलं होतं, लगेच घेऊन या. रुग्णवाहिका बर्फामुळे वर चढेना, ती घाटाच्या पायथ्याशी थांबून होती. बर्फ काढणाऱ्या गाडीने रस्ता मोकळा केला आणि तिच्या मागोमाग सुईण निघाली होती.

"आत्ता कुठे आहेस?"

"घाटाच्या माथ्यावर. जिथून टॉवर दिसतो त्या वळणावर. पुढे जाता येत नाही गं. काच आतून गोठतेय. पुसली की पुन्हा. मला रस्ताच दिसत नाही."

"खिडक्या उघड. बाहेरची कोरडी हवा आत आली की काच निवळेल."

"निवळली होती. पण बाळ गार पडायला लागलं. बंद केल्या."

"मागे फीर."

"मागचा रस्ता वाऱ्याने भरला. आता नुसतं पांढरं आहे."

मेकॅनिकने पाठ भिंतीला टेकली. भिंत गरम होती. वर्कशॉपच्या भिंतींमधून गरम पाण्याचे नळ गेलेले होते.

"रात्री गाडी कुठे होती?"

"त्यांच्या अंगणात."

"प्लगला लावलेली?"

"तिथे दिवा लागतो तेच खूप आहे, वहिनी. कुठला प्लग? केंद्रावर असली की शेडमध्ये असते, प्लगला. इथे उघड्यावर होती. सकाळी हँडलला हात चिकटला माझा."

मेकॅनिकने मान वर केली. समोर तिची पाच-सहा माणसं गाड्यांखाली वाकलेली होती, शर्टाच्या बाह्या दुमडून. बाह्या दुमडून. भर हिवाळ्यात.

"वन्सं," ती म्हणाली, "फोन ठेवा. बॅटरी जपा. आहात तिथेच थांबा, मी करते पुन्हा."

सुईणीने काही विचारलं नाही. वन्सं ऐकल्यावर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

*

दुरुस्त मजकूर.

गाडी गरम होती. म्हणजे गाडी गरम होती.

एवढंच. हीटरबद्दल त्यातून काहीच कळत नव्हतं. रिकॉलची प्रत्येक गाडी रात्रभर उबदार वर्कशॉपमध्ये उभी असायची. नवी पेटी तिथेच बसायची, तिथेच पहिल्यांदा सुरू व्हायची, मग चार्जरला लावून तापायची. हाडापर्यंत गोठलेल्या गाडीत ही पेटी सुरू होते का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. कारण इथे कुणी गाडी गोठू दिली नव्हती. थंडीतल्या आजाराची तपासणी सगळ्यांनी बाह्या दुमडून केली होती. आणि ज्या मालकांकडे तो आजार उघडा पडला असता, ते उबेत बसून, तिचे आभार मानून निघून गेले होते. घरी जाऊन त्यांनीही गाड्या शेडमध्ये, प्लगला लावल्या होत्या.

*

मागच्या आवारात एक गाडी होती. मालक परगावी गेला होता, म्हणून दुरुस्त होऊनही ती बर्फाखाली पडून होती. प्लगशिवाय. मेकॅनिक किल्ली घेऊन धावली. मॅनेजर कोट न घालताच तिच्या मागे आला.

"अगं, पण त्या सगळ्या पास झाल्यात!"

"आत बसा."

"ओके."

तिने गाडी सुरू केली. पंखा फिरला. कोमट फुंकर आली. मॅनेजरने आशेने हात पुढे धरले. मग फुंकर गार झाली, स्क्रीनवर पिवळं चिन्ह उगवलं, पंख्यावर फुली मारलेलं.

मॅनेजर ओके म्हणाला नाही.

मेकॅनिकने तपासणीचं यंत्र जोडलं. पेटी सांगत होती की तिचा सेन्सर खराब झालाय. मेकॅनिकने सेन्सरने दाखवलेला आकडा दोनदा वाचला. सेन्सर खराब नव्हता. तो खरं बोलत होता. पण तो जे सांगत होता ते इतकं थंड होतं की पेटीचा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. एवढी थंडी असूच शकत नाही, म्हणजे हाच खोटं बोलतोय, असं समजून ती दार लावून बसली होती. थंडीसाठी केलेली वस्तू, आणि थंडी खरी असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"गरम पाणी," मेकॅनिक म्हणाली. "किटली लावा."

किटली उकळली. पाणी कशात भरायचं? टेबलावर रबरी हातमोज्यांचं खोकं होतं. मॅनेजरने हातमोजा धरला, तिने पाणी ओतलं, पाची बोटं टरारून फुगली. गाडी बंद करून, किल्ली खिशात टाकून तिने बॉनेट उघडलं आणि काळा नळ पेटीत शिरतो तिथे, सेन्सरच्या बोंडावर, तो हातमोजा ठेवला.

"धरून ठेवा."

मॅनेजर बर्फात, गाडीच्या पोटात हात घालून उभा राहिला. आवारातून जाणाऱ्या एका ग्राहकाने विचारलं, "काय झालंय हो तिला?"

"ताप बघतोय," मॅनेजर म्हणाला.

थोड्या वेळाने मेकॅनिकने गाडी सुरू केली. फुंकर आली. कोमट. मग गरम. मग तशीच गरम राहिली. तिने हातमोजा काढून घेतला तरी गरम राहिली. एकदा सुरू झाल्यावर पेटी आपल्याच उबेवर विश्वास ठेवत होती.

*

(माथ्यावर, त्याच वेळी.)

काचेवर आधी नुसता धुरकट डाग होता, मग त्या डागाच्या कडेला एक काडी उमटली, काडीला आडव्या काड्या फुटल्या, त्यांना आणखी बारीक, आणि बघता बघता समोरची सगळी काच पांढऱ्या पानांनी भरून गेली, नेच्याची पानं, पिसं, मुळं, नद्यांचे फाटे, असं सगळं एकाच वेळी, आणि बाळाच्या बापाने ती पानं खरवडली, तो गवंडी होता आणि त्याच्या कोटाच्या खिशात छोटी थापी होती, तो सगळीकडे थापी घेऊन का जातो हे विचारायचं त्याच्या बायकोने सोडून दिलं होतं, तर त्याने थापीने पानं खरवडली आणि खरवडलेल्या जागेत तो श्वास सोडेपर्यंत नवी काडी उमटली, आणि सुईण स्टिअरिंगवर हात ठेवून ते बघत राहिली, कारण दुसरं करण्यासारखं त्या क्षणी काही नव्हतं आणि ते फार सुंदर होतं, तिने आयुष्यात इतकं सुंदर आणि इतकं अडवून धरणारं काही पाहिलं नव्हतं, आणि मग तिच्या लक्षात आलं की हे बाहेरून आलेलं नाही, हे आपणच करतोय, हा आपला श्वास आहे, तिघांचा, नाही, चौघांचा, दुपट्यातल्या त्या मुठीएवढ्या छातीतूनही काहीतरी निघत होतं आणि काचेवर जाऊन बसत होतं, जगात आल्यापासून तिने केलेलं हे पहिलंच काम, कुठल्यातरी एका पानाचं एखादं टोक

*

फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"बोल."

"वन्सं, गरम पाणी आहे तुमच्याकडे?"

"पिशवी आहे रबराची. निघताना भरली होती."

"थर्मास?"

"थर्मासमधलं गवंडीबुवांनी चहात संपवलं."

मागून पुरुषाचा आवाज आला, "मला काय माहीत गाडीलाही लागणार होतं!"

"पिशवी कुठे आहे?"

"कुठे असणार? बाळाच्या दुपट्यात."

मेकॅनिकने डोळे मिटले. मग काय झालंय ते तिने सांगितलं. पेटीला थंडी खरी वाटत नाही. सेन्सरच्या बोंडाला थोडा वेळ ऊब मिळाली की ती उठेल.

"म्हणजे हीटर गारठलाय."

"हो."

"हीटर."

"हो. नंतर हसू."

"मी हसत नाहीये. बाळाची पिशवी काढून त्याला देऊ?"

वर्कशॉपमध्ये कुठेतरी पाना पडल्याचा आवाज झाला. मॅनेजर मेकॅनिककडे बघत होता. तिला 'हो' म्हणायचं होतं. पण तिनेच नणंदेला गरम गाडी दिली होती. त्या गाडीत बसून सुईणीने डोळे मिटून घेतले होते.

"मी नाही सांगू शकत," ती शेवटी म्हणाली. "एवढंच सांगते, इथे एक गाडी तशीच गोठलेली होती. ती उठली."

"पेटी तीच?"

"तीच."

"खात्री?"

"एका गाडीपुरती."

सुईणीने लांब श्वास सोडला. तो काचेवर गेला असणार.

"वहिनी, फोन चालू ठेव," ती म्हणाली आणि तिचा आवाज फोनपासून दूर गेला. तो आता वेगळाच आवाज होता. मेकॅनिकने घरी तो कधी ऐकला नव्हता. त्यात चेष्टा नव्हती, आणि त्याला नाही म्हणता येणार नाही असं काहीतरी होतं.

"गवंडीबुवा, उठा. पुढची सीट तेवढी अजून तापते, तिथे तुम्ही कशाला बसलात? मागे जा. तू ये पुढे. हळू. हं. आता वरची बटणं सोड. सगळी. आतलंही काढ."

"इथे?" बाळंतिणीचा आवाज बारीक होता.

"इथेच. गवंडीबुवा, तुम्ही खिडकीतून निसर्ग बघा."

"खिडकीतून काही दिसत नाही."

"मग तेच बघा."

कपड्यांची सळसळ. बाळाचं रडू नव्हे, मांजर आळसावल्यासारखा एक सूर.

"ती पिशवी नका काढू ना," बाळंतीण म्हणाली. "तेवढीच तर ऊब आहे तिला."

"हात लाव पिशवीला. लाव. कशी आहे?"

"कोमट."

"थोड्या वेळाने ती याहून गार होईल. तू होणार नाहीस. दे तिला इकडे. तशीच, उघडी, उभी. पोट तुझ्या पोटाला. गाल इथे. टोपी राहू दे. आता शाल. आता माझा स्वेटर. आता बुवांचा कोट. द्या कोट. थापी काढून घ्या त्यातली."

दार उघडल्याचा आवाज. आणि एकदम वारा, फोनभर नुसता वारा.

"बॉनेट उघडलं," सुईण ओरडली. "इथे तर आतड्यांचा पसारा आहे!"

"गाडी बंद आहे ना? किल्ली खिशात?"

"खिशात."

"नारिंगी दिसतंय काही?"

"जाड नारिंगी वायर आहे."

"तिच्या वाटेला जायचं नाही. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही, वन्सं. काळा नळ बघा. तो पेटीत शिरतो तिथे बोंडासारखं काहीतरी आहे."

"बोंड म्हणजे काय ते तू मला शिकवू नकोस. सापडलं."

"पिशवी त्यावर. वरून काहीतरी गुंडाळा, वारा लागू देऊ नका."

"दुपटं आहे. तेच गुंडाळते." जरा वेळाने: "वहिनी, तुझा हीटर टोपडं घालून निजलाय."

*

वाट बघणं.

(या भागात काही घडत नाही. फोन चालू आहे. वारा दाराबाहेर आहे, सुईण आत आली आहे. मॅनेजरने कधीतरी खुर्ची आणून मेकॅनिकच्या मागे ठेवली आहे, तिला ती दिसलेली नाही.)

टीं.

"ते काय वाजलं?" मेकॅनिकने विचारलं.

"थर्मामीटर. बाळाच्या काखेत." सुईणीने आकडा वाचला. मग म्हणाली, "चढतोय."

"पण हीटर अजून बंद आहे."

"बंदच आहे. आकडा बाळाचा चढतोय. निघालो तेव्हापेक्षा बरा आहे. पिशवी होती तेव्हापेक्षासुद्धा."

"कसा काय?"

"आईच्या छातीवर ठेवलं की होतं तसं. बाळ गार असलं की छाती तापते. आपली आपण. हात लाव तर चटका बसेल इतकी. आणि बाळ तापलं की निवते. मी कितीदा पाहिलंय. जुळ्यांना घेतलं ना, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या तापतात."

मेकॅनिक ऐकत होती. तिच्या डोळ्यांसमोर ती वीट होती, तिच्यातलं फिरणारं पाणी, तिचे नळ, आणि ते बोंड.  मग तिने अगदी कामाचा प्रश्न विचारावा तसं विचारलं,

"तिथे सेन्सर कुठे असतो?"

सुईण हसली नाही. "माहीत नाही, वहिनी. मला वाटतं कुणालाच नीट माहीत नाही."

"तिला माहीत आहे?" म्हणजे बाळंतिणीला.

"ती झोपलीये," सुईण कुजबुजली. "दोघी झोपल्यात. गवंडी रडतोय, पण निसर्गाकडे बघून."

*

"आता," मेकॅनिक म्हणाली. "पिशवी तिथेच राहू दे, बॉनेट नुसतं टेकव, हात बाहेर. आणि सुरू कर."

फोनमधून पंख्याचा आवाज आला. मेकॅनिकने फोन कानाला घट्ट लावला. मॅनेजरने का कोण जाणे, दोन्ही हात पुढे धरले, वर्कशॉपमधल्या हवेतच.

"कोमट," सुईण म्हणाली.

"थांब."

"कोमट."

"थांब. थांब."

"वहिनी..."

"काय? पिवळं आलं?"

"गरम. गरम आहे गं. अजून गरम. काच सुटतेय. खालून. बाई गं, काय दिसतंय हे! पानं खालून वितळत चाललीत. रस्ता दिसतोय. रस्त्याच्या कडेचे खांब दिसतायत. पार खालपर्यंत दिसतंय, वहिनी, पायथ्याला तो लाल दिवा फिरतोय ना, तोसुद्धा..."

आणि तेवढ्यात दुसरा आवाज आला, झोपेतला, जरा त्रासलेला. सगळ्या कपड्यांच्या, शालीच्या, स्वेटरच्या आणि कोटाच्या आतून आलेला.

"बाई, तो हीटर जरा कमी करा ना. मला घाम फुटलाय."

*

सूचना. हा भाग परत मागवण्यात येणार नाही.

*

पायथ्याला त्यांना रुग्णवाहिका मिळाली. मुलगी काचेच्या पेटीत काही दिवस राहिली आणि मग त्या पेटीतून बाहेर आली. तिचं वजन वाढतंय, असं सुईण सांगते, बापाच्या थापीएवढी होती ती आता थापी धरू बघते.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दुपारी मेकॅनिकने कंपनीला कळवलं आणि मग वर्कशॉपच्या सगळ्या गाड्यांचे प्लग काढले. मॅनेजर दारात उभा होता. तो काही बोलेल म्हणून सगळे थांबले.

"बाहेर काढा," तो म्हणाला. "सगळ्या. उघड्यावर. मालकांना मी फोन करतो. ज्यांच्या गेल्यात त्यांनाही."

"ते ओरडतील," कुणीतरी म्हणालं.

"ओके," मॅनेजर म्हणाला आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मेकॅनिक आवारात आली. गाड्या रांगेत पांढऱ्या झाल्या होत्या. तिने पहिल्या गाडीच्या हँडलला हात लावला आणि हात चिकटला. तिला बरं वाटलं. आत बसून तिने दार ओढून घेतलं. फक्त स्क्रीन लावली, हीटर नाही. आतलं तापमान स्क्रीनवर दिसत होतं. ते बाहेरच्याइतकंच होतं.

आता बटण दाबायचं आणि पेटी थंडीवर विश्वास ठेवते का ते बघायचं, एवढंच काम होतं. तिने दाबलं नाही. लगेच नाही. कोटाच्या बाहीत हात ओढून ती नुसती बसली. काचेवर तिचा श्वास जाऊन बसला, धुरकट डाग झाला, डागाला काडी फुटली. कुठेही काही आवाज नव्हता. गाडीत तापणारं काही नव्हतं. इंजिन नव्हतं, पिशवी नव्हती, पेटी बंद होती.

स्क्रीनवरचा आकडा बदलला. एकाने चढला.

तिने मागे वळून सीटवर कुणी आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं. गाडीत फक्त ती होती.